आरक्षण बदलाची सुनावणी वस्तीत व्हावी

संपादक महोदय,

नागपुरात मानेवाड्यातील आमच्या लेआउटला, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीला, लागून खेळाच्या मैदानासाठी राखीव असलेली एक मोकळी जागा आहे. मागच्या वर्षी तिचे आरक्षण बदलून निवासी वापराला मुभा देण्याचा प्रस्ताव निघाला. त्याची सूचना वर्तमानपत्रात रीतसर छापून आली होती आणि आमच्यापैकी काहींच्या ती नजरेखालून गेलीही होती. पण तीत मौजा, खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक आणि चौरस मीटर एवढाच तपशील असल्याने हे आपलेच मैदान आहे, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. शेजारच्या काकांनी कपाटातून जुनी कागदपत्रे काढून त्यांतला खसरा क्रमांक कात्रणाशी ताडून पाहिला, तेव्हा कुठे उलगडा झाला. तोवर हरकतींची मुदत संपून अकरा दिवस झाले होते. आम्ही संबंधित कार्यालयात गेलो. अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला, मात्र मुदतीनंतर आलेल्या हरकतीवर सुनावणी होत नाही, असे तोंडी सांगण्यात आले.

यात कोणी कायदा मोडला, असे माझे म्हणणे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली विकास योजनेत फेरबदल करताना सूचना प्रसिद्ध करून एक महिन्यात हरकती मागवायच्या, त्यांची सुनावणी घ्यायची आणि मग प्रस्ताव शासनाच्या मंजुरीसाठी पाठवायचा, अशी रीत आहे. रीत पाळली गेली, पण ज्यांच्या दारासमोरची जागा बदलणार त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही, हे माझे खरे दुःख आहे.

नागपुरात ही अडचण अधिक जाणवते, कारण अर्धे शहर लेआउटच्या रूपाने आधी वसले आणि नकाशावर नंतर आले. ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ ही अशा मंजुरीविना वसलेल्या लेआउटच्या गटांची नावे येथे पोराटोरांनाही ठाऊक आहेत. सोसायटीकडून करारनाम्यावर प्लॉट घेतलेल्या हजारो कुटुंबांनी असे प्लॉट नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर डिमांड (त्यासाठीचे शुल्क) भरली, आरएलसाठी (प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रासाठी) वर्षानुवर्षे चकरा मारल्या आणि नाली व रस्त्याची वाट पाहत मुरुमाच्या वाटेवर पावसाळे काढले. इतके सोसून ज्या थोड्या मोकळ्या जागा शिल्लक राहिल्या, त्याच आता बांधकामासाठी सोयीच्या वाटू लागल्या आहेत. त्यात १९३६ च्या कायद्याने आलेली सुधार प्रन्यास, महानगरपालिका आणि शहराबाहेरच्या क्षेत्रासाठी २०१७ पासून असलेले महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, यांपैकी आपला लेआउट कोणाकडे, येथूनच सामान्य माणसाचा शोध सुरू होतो, आणि महिना त्यातच सरतो.

नव्या घरांना माझा विरोध नाही. झोपडपट्टीतील कुटुंबांना मालकी हक्काचे पट्टे मिळावेत, पंतप्रधान आवास योजनेची घरे व्हावीत, जुन्या मोडकळीस आलेल्या इमारतींचा पुनर्विकास व्हावा, हे मलाही मनापासून वाटते. परंतु अशी योजना आखताना तेथे राहणाऱ्यांना जे ठाऊक असते ते कोणत्याही नकाशात सापडत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले, ते नागपूरकर विसरलेले नाहीत. डागा लेआउट आणि अंबाझरी लेआउटमधील लोकांच्या पलंगांपर्यंत पाणी आले होते. पाणी कोठून येते, कोठे तुंबते, कोणता नाला कोणत्या भिंतीने अरुंद झाला, हे त्या त्या वस्तीतील म्हातारी माणसे बोट दाखवून सांगू शकतात. आमचे मैदानही पावसाळ्यात दोन गल्ल्यांचे पाणी पोटात घेते. ते बांधकामाखाली गेले तर ते पाणी कोणाच्या अंगणात जाईल, याचा उल्लेख आम्हाला दाखवलेल्या कागदांत कोठेही नव्हता.

म्हणून महानगरपालिकेच्या नव्या सभागृहाकडे आणि आयुक्तांकडे माझी मागणी साधी आहे. फेरबदलाच्या प्रत्येक सूचनेत खसरा क्रमांकासोबत लेआउटचे, रस्त्याचे आणि जवळच्या ठळक खुणेचे नाव मराठीत द्यावे. तीच सूचना नकाशासह त्या जागेवर फलक लावून आणि संबंधित झोन कार्यालयात महिनाभर लावावी. शहरात दहा झोन आहेत, तेव्हा सुनावणीसाठी मजुरी बुडवून सिव्हिल लाइन्समधील महानगरपालिकेच्या मुख्यालयापर्यंत येण्याची वेळ कोणावर यायला नको. ती त्याच झोनमध्ये, शक्यतो सुटीच्या दिवशी घ्यावी. हरकत फेटाळली तर त्याचे कारण अर्जदाराला लेखी कळवावे. यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही, कारण कायद्याने सांगितले त्याहून अधिक माहिती देण्यास कोणीही मज्जाव केलेला नाही. २००० साली मंजूर झालेल्या शहराच्या विकास योजनेची सुधारणा होईल तेव्हा तर हे अधिकच आवश्यक ठरेल, कारण तेव्हा प्रश्न एका मैदानाचा नसून साऱ्या शहराचा असेल.

आमच्या मैदानाचा प्रस्ताव अद्याप अंतिम झालेला नाही, असे कळते. निर्णयाच्या कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्यापूर्वी एखाद्या सायंकाळी सहाच्या सुमारास तेथे यावे आणि अर्धा तास थांबून पाहावे, अशी त्यांना माझी नम्र विनंती आहे.

आपला,
एक रहिवासी, मानेवाडा, नागपूर