मान वर न करता पाहिलेली साकुरा

ताई,

फोनवर तीनदा तुम्ही म्हणालात, "आभार कसले मानता, मी केलं काय?" चौथ्यांदा ऐकायची माझी तयारी नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. नाव घालत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही एवढं आता कळलंय. मूळच्या इचलकरंजीच्या, टोकियोत निशीकासाईला राहणाऱ्या एक ताई, एवढंच.

आई तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवायची. होन्शू, होक्काइदो, क्यूशू, शिकोकू ही जपानची बेटं फळ्यावर न बघता काढायची. निवृत्त झाल्यावर तिचं एकच मागणं होतं, साकुरा, म्हणजे जपानमधला चेरीचा फुलोरा, एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. आम्ही "पुढच्या वर्षी नक्की" करत राहिलो आणि तेवढ्यात तिच्या मानेने दगा दिला. मणक्यांची झीज. मान वर केली की चक्कर. वरच्या फळीवरचा डबा काढायचा नाही, जळमटं काढायची नाहीत, दिवाळीत आकाशकंदिलाकडेसुद्धा जपूनच बघायचं. आणि अशा बाईला झाडावरची फुलं बघायची होती.

तुमच्या आधी आम्ही एका टूरवाल्यांकडे गेलो होतो. चकचकीत पुस्तिका, त्यावर गुलाबी अक्षरांत "ब्लॉसम गॅरंटीड", निघायची तारीख पक्की, पैसे आगाऊ. आईच्या मानेचं सांगितल्यावर समोरच्या मुलाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "आजींना बसमध्ये बसू द्या ना, काचेतून सगळं दिसतं." आई हसली. घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "राहू दे, टीव्हीवर बघू."

ती गॅरंटी किती पोकळ होती हे नंतर तुमच्याकडून कळलं. टोकियोत 2023 साली साकुरा 14 मार्चला उमलली आणि 2024 साली 29 मार्चला. पंधरा दिवसांचा फरक! यासुकुनी देवळाच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे, हवामान खात्याचा माणूस तिथे जाऊन फुलं मोजतो, पाच-सहा उमललेली दिसली की टोकियोत साकुरा आली असं जाहीर होतं. त्याच खात्याने 2010 पासून फुलोऱ्याचे अंदाज वर्तवणं सोडून दिलंय, ते काम आता खासगी कंपन्या करतात. आणि आमचा टूरवाला सहा महिने आधी तारीख छापून मोकळा. कासच्या पठारावर फुलं कधी येणार हे साताऱ्याचा माणूससुद्धा असं छातीठोक सांगत नाही.

मावसबहिणीने तुमचा नंबर दिला तेव्हा मला वाटलं होतं, एखादी यादी मिळेल. ही दहा ठिकाणं बघा, हा पास काढा, अमुक ठिकाणी शाकाहारी मिळतं. पहिल्या फोनवर तुम्ही बजेट विचारलं नाही, किती दिवस तेही नाही. विचारलंत, "आई मान किती वर करू शकतात? समोरच्या भिंतीवर घड्याळ असेल तर ते दिसतं का?"

मी आईला सोफ्यावर बसवलं आणि बघितलं. घड्याळ दिसत होतं. त्याच्या वर लावलेला बाबांचा फोटो दिसत नव्हता.

तीन वर्षं ती रोज त्याच सोफ्यावर बसते. आमच्यापैकी कुणालाही हा प्रश्न पडला नव्हता.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्याला तुम्ही "त्यात काय, रविवार होता" म्हणता. फेब्रुवारीअखेर तुमच्याकडे लवकर फुलणारी कावाझू जातीची साकुरा आली होती. तुम्ही घडीची खुर्ची घेऊन नदीकाठी गेलात, झाडाखाली बसलात आणि मान न हलवता, नाकासमोर फोन धरून फोटो काढलात. पहिला फोटो आला तो मी जपून ठेवलाय. तीन काळी खोडं, एक सायकल आणि कुणाचे तरी गुडघे. फूल एकही नाही. खाली तुमचा मेसेज: "उंच झाडं बाद." मग मार्चमध्ये शिदारेझाकुराचे फोटो, त्या जातीच्या फांद्या वडाच्या पारंब्यांसारख्या खाली लोंबतात. "ही चालेल, पण गर्दी फार, धक्का लागेल." ओळीने सात फोटो. साऱ्या जगाने साकुरेचे फोटो मान वर करून काढले असतील. माझ्या आईच्या नजरेतून काढणाऱ्या तुम्ही एकट्याच.

आणि मग तुम्ही म्हणालात, टोकियो सोडा, क्योतोला जा, आणि उशिरा जा. मार्चअखेर नको, एप्रिलचा दुसरा आठवडा. ऐकून माझ्या पोटात गोळाच आला, कारण सगळे जण उलटं सांगत होते. सोमेई योशिनो, म्हणजे आपण फोटोत बघतो ती फिकट साकुरा, हापूससारखी कलमांवरच वाढते, सगळी एकाच झाडाची पिल्लं. म्हणून एका गावात एकदम फुलते आणि एकदम झडते. त्या आठवड्यात ती झडतच असणार. "झडू दे की," तुम्ही म्हणालात, "झडल्यावर ती खाली येते. आईंना खालीच बघायचंय ना?"

तर ताई, तेत्सुगाकु-नो-मिची नावाच्या त्या कालव्याकाठच्या वाटेवर आम्ही पोचलो तेव्हा वरची झाडं निम्मी हिरवी झाली होती आणि कालव्याचं पाणी दिसतच नव्हतं. काठापासून काठापर्यंत पाकळ्या. हळूहळू सरकत होत्या, दगड आला की वळसा घालत होत्या. याला हानाइकादा म्हणतात, फुलांचा तराफा, हेही तुम्हीच लिहून पाठवलेलं. आई कठड्यापाशी खाली बघत उभी राहिली. बाजूचे लोक वर बघून फोटो काढत होते. अर्ध्या तासाने म्हणाली, "यांना कुणी सांगितलं नाही वाटतं, फुलं इकडे आहेत म्हणून."

दुसऱ्या दिवशी निन्नाजी. इसवी सन 888 मधलं देऊळ. तिथली ओमुरो जातीची साकुरा क्योतोत सगळ्यात उशिरा फुलणाऱ्यांपैकी, आणि बुटकी. जमिनीतली माती इतकी घट्ट आहे की मुळं खोल जात नाहीत, म्हणून झाडं उंच होत नाहीत असं सांगतात. फांद्या जमिनीलगतच फुटतात आणि बहर बरोबर तोंडासमोर येतो. आपण झाडांखाली नसतोच, झाडांमध्ये असतो. मागे पाच मजली पॅगोडा आणि पुढे पांढऱ्या फुलांचं नुसतं शेत. आई एका झाडासमोर थांबली. नाक फुलापासून वीतभर अंतरावर. मान सरळ. मी तिचा दंड धरायला पुढे झाले तर तिने माझा हात बाजूला केला. म्हणाली, "सोड, मला काही होत नाहीये." काही झालंही नाही. ती रडली, पण ते तुम्हाला सांगू नको म्हणालीये.

आणि तो विनोद तिला फार आवडला. जपानीत हाना म्हणजे फूल आणि हाना म्हणजेच नाक, त्यामुळे ओताफुकु नावाच्या, जपानी मुखवट्यातल्या बसक्या नाकाच्या बाईशी या झाडाची तुलना करतात: हाना बुटकं असलं तरी लोकांना आवडतं. आई परत आल्यापासून नकट्या शेजारणीला ओमुरो म्हणते. हे तुमच्यामुळे झालंय, जबाबदारी तुमची.

बाकी सगळं नीट झालं. बॅगा परस्पर हॉटेलात पोचल्या. थंडी होती, तुम्ही सांगितलेली हानाबिए, फुलं आल्यावर परतणारी थंडी, तेव्हा शाल कामी आली. साकुरामोची ही तांदळाची मिठाई खाल्ली. क्योतोकडची ती मोची दाणेदार असते. आई म्हणाली, साबुदाण्याचा लाडू गुलाबी करून पानात बांधलाय. पान खायचं हे तुम्ही आधी सांगितलं नसतं तर तिने ते पातोळीच्या हळदीच्या पानासारखं सोलून बाजूला ठेवलं असतं. खारट पान आणि आत गोड पुरण, तिने तीन खाल्ल्या.

मला राहून राहून त्या टूरवाल्या मुलाचं आठवतं. वाईट नव्हता तो. साकुरेची माहिती त्याच्याकडे कदाचित तुमच्यापेक्षा जास्त असेल. त्याने फक्त विचारलं नाही. आपल्याकडे विचारपूस हा शब्द किती सहज वापरतो आपण, आणि आजारी माणसाकडे जाऊन स्वतःच्याच गुडघ्याबद्दल बोलून येतो. मीही त्यातलीच. तीन वर्षं औषधं वेळेवर दिली, मऊ उशी आणली, गळपट्टा आणला, आणि तिला घरातलं काय दिसतं ते एकदाही विचारलं नाही.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते हे: बाबांचा फोटो दीड फूट खाली घेतला. घड्याळ वर गेलं. आता वेळ तिला कळत नाही, विचारते सारखी, पण चालेल म्हणते.

जूनमध्ये मावसबहिणीचे यजमान कामासाठी टोकियोला येताहेत. त्यांच्याबरोबर थालिपिठाची भाजणी पाठवतेय, आईने स्वतः भाजलेली, आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही. धने जरा जास्त पडलेत. नको म्हणू नका.

तुमची,
भूगोलाच्या बाईंची मुलगी