आजीचा रोज आणि फैजपूरचा ठराव

प्रिय दिन्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, आपल्या घरच्या माणसांचा कसला आलाय इतिहास, राबली आणि गेली, ते मला अजिबात पटलं नाही. फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहायला बसलोय.

माझी आजीच घे. माहेर जळगावकडच्या यावल तालुक्यातलं, फैजपूरच्या जवळ. डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं ते तिथंच, नेहरू अध्यक्ष, गांधीजी आलेले, चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू वापरून सगळं टिळकनगर, म्हणजे अधिवेशनाची जागा, सजवलेलं, साने गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरलेले. आजी तेव्हा परकरातली पोर, बापाचं बोट धरून पायी गेली. सासरच्या अहिराणीत सांगायची, "माले सगळं याद शे." याद काय, तर गाड्यांची रांग, धुरळा, बापानं घेऊन दिलेला गूळ-फुटाणा. आता त्याच मांडवात शेतीचा ठराव झाला, सरकारचा सारा आणि जमीनमालकाचा खंड कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा, शेतमजुराला पोट भरेल एवढी मजुरी द्या. बाप शेतमजूर, तीही पुढं जन्मभर शेतमजूर, म्हणजे तिच्याच ताटातल्या भाकरीबद्दल तिथं बोलणं चाललं होतं रे!

मग लग्न होऊन पारोळ्याकडं आली, कोरडवाहू मुलूख. निंदणी, कापूस वेचणी. स्वातंत्र्य आलं, १९६० ला महाराष्ट्र झाला, रोज मात्र मालक देईल तोच.

आणि ७२ चा दुष्काळ. विहिरी आटल्या, ढोरं मातीमोल भावात विकली, आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. मांडीवर लहान काका, डोक्यावर ऊन, ढिगाचं माप घेऊन मग पैसे, माप कमी भरलं की हप्त्याला हात आखडता. दुपारी कामावर मिळणारी सुकडी, घरी रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकर, तिचा वास आजीला शेवटपर्यंत सहन व्हायचा नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशी पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यात बायका किती तरी. पुढं १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. ही योजना मांडणाऱ्या वि. स. पागेंचं नाव घेतात, घ्यायलाच पाहिजे, पण मागेल त्याला काम ही गोष्ट खरोखर चालू शकते हे उन्हात बसून दाखवलं कुणी? माझ्या आजीसारख्यांनीच ना. फैजपूरच्या कागदावरचं काहीतरी तिच्या हातापर्यंत यायला चाळीस वर्षं लागली आणि तो रस्ता तिनंच खडी फोडून केला, असं मला मनापासून वाटतं.

तुझे आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते ना? कुठल्या खात्यात, पगार किती, संपात घर कसं चाललं, काकूंना आत्ताच विचारून घे, त्यांचं वय झालंय. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येशील तेव्हा वही घेऊन ये, दोघं मिळून लिहून काढू.

तुझा,
सुन्या