पद्मिनी घ्यावी का?

इंदूर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहिते. रामबागेतल्या एका वाड्यात १९७५ची प्रीमियर पद्मिनी मोटार विकायला आहे. मालक वारले, मुलांना जागा मोकळी करायची आहे. मला ती फार मनापासून घ्यायची आहे. पण तुम्हा दोघांशी बोलल्याशिवाय बयाणा देणार नाही.

बाबा, तुम्ही आधी पत्र्याचं विचाराल. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीवरच, त्यामुळे पत्रा कुजला असेल तर नुसत्या रंगाने भागत नाही. मी मॅट उचलून खालचा पत्रा पाहिला, तो धड आहे. दारांखालून लोहचुंबक फिरवलं, तर ड्रायव्हरच्या बाजूला दोन ठिकाणी चिकटेना. तिथे पुट्टी भरलीय. तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागेल.

१०८९ सीसीचं मूळ इंजिन जागेवर आहे, पण जाम. मिस्त्री म्हणतात, नव्या गाडीचं इंजिन टाका, कटकट मिटेल. ते मला पटत नाही. स्टिअरिंगलगतचा गिअर आणि तेच इंजिन, यासाठी तर ही गाडी घ्यायची! शिवाय पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर २०२१च्या नियमाप्रमाणे तिला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू शकतो. नोंदणीचे वीस हजार. पण तो नंबर घेतला की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मला तसं नको. तुम्हाला पुढे बसवून ओंकारेश्वरला जायचंय, म्हणून साधी नोंदणीच चालू ठेवेन, दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागली तरी.

आई, तुला पैशांची काळजी आहे. घराच्या हप्त्यांना हात लावणार नाही. आधी ब्रेक, इंजिन आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या. जुनं रबर इथेनॉलच्या पेट्रोलने फुगतं, चिरतं, आणि गळती म्हणजे आगीची भीती. रंग, क्रोम, सीट पुढच्या वर्षी. अशा गाडीला किमतीपेक्षा दुरुस्तीचाच खर्च जास्त येतो, हे धरूनच हिशेब केलाय.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, अजून वारलेल्या मालकांच्याच नावावर आहे. आधी ती वारसाच्या नावावर होऊ दे, मग माझ्या. मुलं टाळाटाळ करायला लागली तर सौदा सोडून देईन, मग गाडी कितीही आवडलेली असो.

बाबा, तुम्ही ऑफिसची फियाट वर्षानुवर्षं चालवलीत, नुसत्या आवाजावरून कार्ब्युरेटरचं दुखणं ओळखायचात. ग्वाल्हेरहून रात्रीच्या गाडीने दोघंही या. मिस्त्री इंजिनाचं हेड (वरचं झाकण) उघडतील तेव्हा सिलिंडर तुम्ही स्वतः बघा. तुम्ही ‘नको’ म्हणालात तर नाही घेणार. तिकिटं कधीची काढू, तेवढं कळवा.

तुमची लेक