शिकाऊ वीजतंत्र्यांना आपल्या मानकांवरचे साहित्य मिळावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या निकालानंतर आयटीआय प्रवेशाच्या बातम्या आपण आवर्जून देता. मात्र वीजतंत्री किंवा तारतंत्री या व्यवसायाला प्रवेश घेतलेला, अथवा आयटीआय न करता थेट ठेकेदाराच्या हाताखाली लागलेला मुलगा पुढे कशावरून शिकतो, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. माझ्याकडे येणारे शिकाऊ उमेदवार बहुतेक सगळे मोबाइलवरच्या व्हिडिओंवरून शिकतात. त्यात गैर काही नाही. जिन्यातल्या टू-वे स्विचची किंवा मोटर सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी डोळ्यांनी पाहिली की लवकर उमजते.

काळजी वाटते ती परदेशी व्हिडिओंची. अमेरिकेत घरातला पुरवठा १२० व्होल्टचा, काळी वायर फेजची म्हणजे जिवंत आणि पांढरी न्यूट्रलची असते. आपल्याकडे २३० व्होल्ट असतात आणि काळी वायर न्यूट्रलची. युरोपात निळी वायर न्यूट्रल, तर आपल्या तीन फेजच्या लाल-पिवळ्या-निळ्यात ती एक फेज असते. म्हणजे तिकडचा व्हिडिओ पाहून शिकलेला मुलगा आपल्या बोर्डात निळ्या वायरला निर्धास्त हात लावू शकतो. वायरच्या जाडीचेही तसेच. आपण दीडची, अडीचची, चारची वायर म्हणतो ते चौरस मिलिमीटर, आकडा वाढला की वायर जाड होते. अमेरिकी मापात १४ नंबरची वायर १२ नंबरपेक्षा बारीक असते. गीझरच्या लाइनला वायर निवडताना हा घोळ झाला, तर वायर तापून इन्शुलेशन वितळायला वेळ लागत नाही.

आपल्या पद्धतीचे साहित्य उपलब्ध नाही, असे मुळीच नाही. चेन्नईची ‘निमी’ ही केंद्र सरकारची संस्था आयटीआयच्या अभ्यासक्रमानुसार थिअरीची आणि प्रात्यक्षिकांची वेगवेगळी पुस्तके काढते आणि ‘भारत स्किल्स’ या सरकारी संकेतस्थळावर वीजतंत्री व्यवसायाचे अभ्याससाहित्य विनामूल्य मिळते. नवशिक्याने प्रात्यक्षिकांच्या पुस्तकापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. पुरवठा बंद करणे, तो खरोखर बंद झाला आहे का हे नुसत्या निऑन टेस्टरवर विसंबून न राहता टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटरने तपासणे, मगच वायरला हात लावणे हा क्रम हाताच्या सवयीत बसला पाहिजे, आणि तो वाचून नव्हे, वाचत वाचत करून बसतो. ओहमच्या नियमाची गणिते त्यानंतर आली तरी चालतील.

खरी अडचण पुढच्या टप्प्यावर येते. वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानके आहेत. पण त्यांची इंग्रजी इतकी कायदेशीर वळणाची आहे की तालुक्याच्या गावातला मुलगा पहिल्या पानावरच थांबतो. अर्थिंगचा खड्डा कसा घ्यायचा, अर्थ टेस्टरने रोध कसा मोजायचा, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेच्या धक्क्यापासून वाचवणारा स्विच) नेमकी कशाला ट्रिप होते आणि एमसीबी (जादा भाराला पडणारा स्विच) असूनही ती का हवी, एवढ्यापुरत्या सचित्र मराठी पुस्तिका व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या अनुभवी शिल्प निदेशकांकडून लिहून घ्याव्यात. त्यात वायरचे रंग छापावेत, नुसती नावे नकोत.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने उभी राहिलेली सार्वजनिक ग्रंथालये गावोगाव आहेत. तिथे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना स्वतंत्र कपाट असते आणि ते असायलाच हवे. त्याच्या शेजारी एक फळी वीजतंत्री, जोडारी (फिटर), संधाता (वेल्डर) अशा व्यवसायांच्या पुस्तकांची ठेवली, तर दिवसभर साइटवर राबणाऱ्या मुलाला संध्याकाळी बसून वाचता येईल. ग्रंथालय संचालनालयाने खरेदीच्या यादीत या पुस्तकांचा समावेश करावा, आणि आपण आपल्या शिक्षणविषयक पानावर दर आठवड्याला एक लहान प्रात्यक्षिक आकृतीसह छापावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक परवानाधारक विद्युत ठेकेदार, कराड