सूक्ष्म पाठात न दिसणारी मुले

महोदय,

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका असून सध्या पुण्यातील एका सेमी-इंग्रजी शाळेत सोळा आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष वर्गातला अध्यापनाचा सराव, करीत आहे. सहावीच्या गणिताच्या तासाला मी फळ्यावर ‘फाइंड द डिफरन्स बिटवीन 72 अँड 48’ असे लिहिले, तेव्हा एका मुलाने वहीत मराठीत उत्तर लिहिले : ‘72 मोठा आहे, 48 लहान आहे.’ वजाबाकी त्याला उत्तम येत होती. ‘डिफरन्स’ म्हणजे फरक हेही त्याला ठाऊक होते, फक्त गणितात त्या शब्दाचा अर्थ वजाबाकी होतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. माझ्या पाठटाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, उद्दिष्टे होती, शैक्षणिक साधने होती, पण ‘या पाठातील कोणते शब्द मुलांना अडतील’ यासाठी रकानाच नव्हता. महाविद्यालयातील सूक्ष्म पाठात, म्हणजे छोट्या सराव पाठात, आमचे सहाध्यायीच विद्यार्थी होतात आणि त्यांना सगळे आधीच येत असते! सहावीच्या त्या वर्गात तर कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलेही आहेत. त्यांच्यासाठी मराठीही शिकण्याचीच भाषा आहे.

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते; तरीही गणित-विज्ञानाच्या अध्यापन पद्धतीत भाषेचा विचार आम्हाला जवळजवळ शिकवला जात नाही. पाठटाचणात अवघड शब्दांचा रकाना घालावा आणि निरीक्षक प्राध्यापकांनी तोही तपासावा, एवढे तरी येत्या वर्षापासून व्हावे.

– एक छात्राध्यापिका, पुणे