जागरूकतेचा अभाव पालकांत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान मुलांच्या मोफत हृदयशस्त्रक्रियांची बातमी कालच्या अंकात वाचली. 'पालकांमध्ये जागरूकतेचा अभाव' हे त्यातलं वाक्य मनाला लागलं, म्हणून हे पत्र. मंत्र्यांचं नाव आहे, डॉक्टरांचं आहे, नर्सचा साधा उल्लेखही नाही.

माझ्या नातीच्या हृदयाला छिद्र आहे हे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आलं तेव्हा कळलं. चिठ्ठी डॉक्टरांनी दिली, पण खर्चाच्या धास्तीने मुलगा-सून गप्प बसले होते. शेत गहाण टाकायचं घरात बोलणं चाललं होतं. पथकातल्या सिस्टर सुनेला पुन्हा पुन्हा फोन करत राहिल्या, "ताई, पैसे लागत नाहीत, आधी हृदयाची इको तपासणी करून घ्या."

रुग्णालयात गेलो तर खिडकीवर सांगितलं, मुलीचं नाव रेशनकार्डावर नाही, चढवून आणा. तापलेली पोर कडेवर घेऊन आम्ही परत निघालो होतो. वॉर्डातल्या एका सिस्टरने अडवलं, आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या कागदपत्रांना मदत करणाऱ्या रुग्णालयातल्या माणसाकडे नेलं आणि केसपेपरच्या मागे लिहून दिलं: जन्मदाखला, आईवडिलांचं रेशनकार्ड, आधार, आईसोबत बाळाचा फोटो. तेवढ्यावर मंजुरी आली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ते मिळतं, हे आम्हाला त्याच बाईंकडून कळलं. सांगणारं कुणी नसेल तर आईबाप जागरूक होणार कसे?

लसीकरणाला प्रत्येक आई बाळाला घेऊन नर्ससमोर बसते. दाखला काढला का, कार्डात नाव घातलं का, हे तिथेच विचारता येईल. पण मग ते काम नर्सच्या ड्यूटीत धरा, त्यासाठी वेळ आणि माणसं द्या. वॉर्ड सांभाळून, मनाच्या चांगुलपणावर त्यांनी किती करायचं?

आणि याच पथकांतल्या सिस्टर वर्षानुवर्षं कंत्राटी आहेत. त्या संपावर गेल्या की आपण 'रुग्णांचे हाल' असा मथळा देता, त्यांची मागणी शेवटच्या दोन ओळींत येते. हे बरोबर नाही.

पुढच्या वेळी योजनेची बातमी छापाल तेव्हा कागदपत्रांची यादी चौकटीत द्या. आरोग्यमित्र रुग्णालयात कुठे भेटतो, तेही लिहा.

आपली,
एक आजी (कृपया नाव छापू नये)