काका, चिंगीचा पाय वाचला

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात तुम्हाला फोनवरून वाचून दाखवणार. तिला आत्ताच सांगून ठेवते, आजोबा 'पुरे गं' म्हणाले तरी मधलं काही गाळायचं नाही.

आमच्या चिंगीमाऊचे टाके निघाले. जखम कोरडी आहे, मागचा पाय नीट टेकवते, आणि काल ओट्यावर उडी मारून बांगड्याचा तुकडा पळवला. म्हणजे तब्येत पूर्ववत.

तिचा पाय कशानं कापला ते तुम्ही विचारलंही नाहीत. बघूनच म्हणालात, 'नायलॉन.' २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादानं देशभर बंदी घातलेला मांजा आपल्या नाशकात दर संक्रांतीला मिळतोच. पोलीस त्याचे गट्टू (रिळं) पकडतात, फोटो छापून येतात, आणि गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाला गुंडाळलेलं जाळं मात्र तसंच राहतं. विकणाऱ्यांना आणि पोराच्या हातात तो गट्टू देणाऱ्या आईबापांना माझ्याकडून काय म्हणायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

टाके ज्या डॉक्टरांनी घातले त्यांच्या हाताला नावं ठेवणार नाही, शिवण सुरेख होती. पण तिनं जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा जो कोन अडकवून दिला तो घरी पोचेपर्यंत निघाला होता. चिंगी उलटी चालत पलंगाखाली गेली, पुढचा पंजा कोनात घातला आणि मोकळी झाली. रात्रीतून पट्टीही गेली. फोन केला तर उत्तर, 'मॅडम, तिला कोन काढू देऊ नका.' अहो, तेच कसं करायचं ते विचारतेय ना! परत नेलं, परत फी, परत तोच कोन. तिसऱ्या वेळी तर 'तुमचं मांजरच फार आगाऊ आहे' असं ऐकून आले.

सोसायटीत सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाले, चाटू द्या, लाळेनंच बरं होतं. दुसऱ्यांनी दुखतंय म्हणून अर्धी पॅरासिटामॉल द्यायला सांगितली. ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मांजराला ती गोळी विषासारखी असते, जीव जाऊ शकतो, हे तुम्ही त्या गृहस्थांच्या दारात जाऊन सांगून आलात, तेही चपला न घालता. ते पुरण्यासारखं आहे मला वर्षभर.

गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून तुमची सगळी नोकरी गेली, हे मला तोवर माहीतही नव्हतं. जिन्यात दिसणारे, दुधाची पिशवी घेऊन येणारे काका, एवढीच ओळख. पट्टी कशी बांधलीत, चिकटपट्टीच्या दोन उभ्या पट्ट्या शेवटी उलट्या मुडपून ती घसरणार नाही असं कसं केलंत, कोनाच्या भोकांतून गॉजची नाडी ओवून दोन बोटं जातील इतपतच कशी आवळलीत, यावर मी वेगळं लिहीन. तिच्या पायाची मधली दोन बोटं पट्टीबाहेर ठेवलीत आणि म्हणालात, 'सकाळ-संध्याकाळ हात लावून बघ. गार लागली किंवा सुजली, तर थांबू नको, तशीच दवाखान्यात ने.' ते मी रोज केलं.

पण आभार त्याचे नाहीत. आभार टूथब्रशचे आहेत.

नाडी बांधायच्या आधी तुम्ही जुना टूथब्रश मागितलात. कोमट पाण्यात बुडवून, झटकून. मला वाटलं जखम साफ करणार. तुम्ही फरशीवर मांडी घातलीत, तिला टॉवेलात घेतलंत आणि सरळ कोन काढून टाकलात! मी ओरडणारच होते. तुम्ही तिच्या गालावरून, कानामागून, हनुवटीखालून, प्लास्टिकनं घासून केस चिकटलेल्या त्या मानेवरून ब्रश फिरवत राहिलात. आखूड, दाबून, एकाच दिशेनं. म्हणालात, 'हिची जीभ म्हणजे किसणी, जखमेवर चालवली तर टाका राहील का? म्हणून कोन पाहिजेच. पण जागेपणीचा किती वेळ ही अंग चाटण्यात घालवते, बघितलंयस ना? ते एकदम बंद केलं. तिला राग नाही गं पोरी, तिला खाज सुटलीय.'

आणि चिंगीनं, जिनं दवाखान्यात दोघांना ओरबाडलं होतं, तुमच्या त्या वाकड्या अंगठ्यावर (बैलाची लाथ, असं नात सांगत होती) हनुवटी टेकली. तुम्ही कोन परत चढवलात तेव्हा तिनं नुसतं एकदा डोकं झटकलं. पुढे रोज दोन वेळा मी तेच करत गेले, पायाकडे तोंड जाऊ न देता, आणि कोनाशी भांडण संपलं.

तोवर तिला आवरायचं कसं हाच प्रश्न सगळ्यांना पडला होता. तिला काय होतंय हे पहिल्यांदा तुम्ही विचारलंत. मुक्या जिवासाठी फरशीवर बसणारी माणसं अजून आहेत, आणि ती बहुधा पाटी लावून बसत नाहीत. आमच्या जिन्यात एक निघालं हे आमचं नशीब.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. आईनं गुळपोळी पुढे केली तर 'शुगर आहे' म्हणून फक्त बिनसाखरेचा चहा घेतलात, तोही उभ्यानं. बी विंगमधल्या बाईंच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालंय, तो पट्टी ओरबाडतोय. त्या तुमचा फ्लॅट नंबर विचारत होत्या. मी दिलेला नाही. तुमचे गुडघे मला ठाऊक आहेत. हो म्हणालात तरच देईन, आणि त्यांना सांगेन की काकांना फरशीवर बसवू नका, आधी स्टूल द्या.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची, चिंगीची आई